नानाच्या म्हशीचा चीक

पांडेसरा, सुरत
१० नोव्हेंबर २०२५

नाना,

नमस्कार समज. वाकून करायचा होता, पण माझे गुडघे आता वाकत नाहीत आणि तुझी मान कधीच वाकली नाही, तेव्हा कागदावरच उरकू.

तुझा डबा पोचला. काल गायत्री दारात उभी राहूनच म्हणाली, "आत्या, गंगी व्याली. पहिला चीक बहिणीच्या घरी गेला पाहिजे म्हणाले बाबा." मी विचारलं, आणखी काय म्हणाले तुझे सासरे? तर ती स्वतःच्या चपलेकडे बघायला लागली. म्हणजे आणखी जे म्हणालास ते सुनेच्या तोंडी शोभण्यासारखं नव्हतं. मला बरं वाटलं. तू अजून तोच आहेस.

अण्णा गेले, तेराव्याला त्यांची गंधमुक्ती झाली, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. खिरीसाठी मी माझ्या डेअरीतून दुधाच्या पिशव्या मागवल्या, हा माझा गुन्हा. अख्खा खानदेश जेवायला बसलेला, तुझ्याकडे तेव्हा दोन म्हशी, त्यातली एक भाकड. पण तू मांडवात सगळ्यांच्या देखत ओरडलास, "ज्यानं जन्मभर म्हैस पाळली त्याच्या गंधमुक्तीला पिशवी फोडली!" तेव्हापासून नात्यात माझं नाव पिशवीवाली. चुलत्याच्या सुनाही आता माझं खरं नाव विसरल्या असतील. तू माझा नंबरही बंद करून टाकलास. पत्र बंद करायची सोय मात्र अजून निघालेली नाही, म्हणून हे लिहितेय. डबा रिकामा पाठवायचा नाही हे मायने शिकवलंय, त्यामुळे आत गूळ आहे आणि गुळावर हे पत्र. गूळ खाऊन पत्र फेकलंस तरी चालेल, उलटं करू नकोस.

चीक बघितला आणि मी आपल्या जुन्या चाळीत जाऊन पोचले. आठवतं, चाळीमागची खाडी? मिलमध्ये ज्या रंगाच्या साड्या निघत त्या रंगाचं पाणी वाहायचं. सोमवारी जांभळं, बुधवारी मेंदी. माय त्यावरून सांगायची, आज कोणाकोणाच्या नवऱ्याला जादा पाळी लागणार. अण्णा रंगखात्यात, म्हणून त्यांचे हात मनगटापर्यंत कधी गुलाबी, कधी मोरपंखी. राखेने घासायचे, रॉकेलने पुसायचे, रंग हलायचा नाही. आणि त्या गुलाबी मुठीतून आपल्या चंद्री म्हशीची पांढरी शुभ्र धार कासंडीत वाजायची. लहानपणी मला खरंच वाटायचं की कधीतरी दूधही गुलाबी येईल. तू मला सांगितलं होतंस की दिवाळीला येतं. मी दोन दिवाळ्या वाट बघितली.

त्या घरात दोन पक्ष होते. अण्णांचा पक्ष कच्च्या दुधाचा. आपण तोंडाचा आ करून रांगेत उभे, आणि ते आचळ वळवून लांबून धार मारायचे. नेम चुकला तर नाकात, नेम लागला तर स्वर्ग. मायचा पक्ष उकळीचा. दूध तीनदा वर आल्याशिवाय ती स्टोव्ह बंद करायची नाही, आणि अण्णा म्हणायचे, "बाई दुधाला फाशी देते." तू अण्णांच्या पक्षात गेलास, मी मायच्या. तू म्हशी घेतल्यास, मी डेअरीत लागले. तिथे मी दिवसभर तेच करते जे माय स्टोव्हवर करायची, फक्त माझी टोपी पांढरी आहे आणि पगाराला ओव्हरटाइम आहे.

तू नेहमी विचारायचास, तुमच्या कारखान्यात दुधाचं करता तरी काय. पातळ पातळ पत्रे असतात, एकाला एक चिकटून. एका अंगाने दूध पळतं, दुसऱ्या अंगाने गरम पाणी. दूध बहात्तर डिग्रीला पोचतं, मोजकी पंधरा सेकंदं तिथे थांबतं आणि लगेच थंड होतं. साय नाही, चव नाही, वास नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण रोग नाही हेही तू कधीतरी मान्य कर. आणि तुझं वेसूचं गिऱ्हाईक! विसाव्या मजल्यावरचे लोक काचेच्या बाटलीत कच्चं दूध मागवतात, त्याचा फोटो काढतात आणि न उकळता पितात, कारण कोणीतरी मोबाइलवर त्यांना सांगितलंय की आपले पूर्वज असंच प्यायचे. आपले पूर्वज टायफॉइडने कसे पटापट जायचे, ते त्या मोबाइलवर येत नसावं.

गायत्री सांगत होती, तुझी नात ध्रुवी संध्याकाळी गोठ्यात तोंड उघडून उभी राहते आणि तू धार मारतोस. मला वाटलं होतं ती धार अण्णांबरोबर गेली. डोळ्यात पाणी आलं, ते मी गायत्रीला दिसू दिलं नाही. पण नाना, पोरीला उकळून दे रे. अण्णांच्या वेळी दुसरं काही माहीत नव्हतं.

चिकाचा मी गूळ-वेलची घालून, वाफेवर उकडून खरवस केला. चांगला झाला. एवढंच.

सुषमा

•

पांडेसरा
१९ नोव्हेंबर

नाना,

आज नमस्कार नाही, कारण सकाळी तुझ्या बंद फाटकाला भरपूर करून झालाय.

तुझा शेजारी भाईदास काल माझ्याकडे आला होता. तुझ्याकडूनच दूध घेतो बिचारा, रंगखात्यातून रिटायर झाल्यापासून त्याची सकाळ तुझ्या ओट्यावर जाते. चहाला नको म्हणाला. भाईदास चहाला नको म्हणतो म्हणजे काहीतरी भयंकर आहे, एवढं मला तेव्हाच कळलं. "सुषमाताई, गंगी गई," म्हणाला. मग सगळं सांगितलं. चार-पाच दिवस ती वैरणीला तोंड लावत नव्हती, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज फाटलेला, पत्र्याला धडका. दिवाळीआधी नवागामच्या बाजूने एक कुत्रं गोठ्यात शिरलं होतं आणि गंगीच्या नाकाडाला चावलं होतं, हेही त्यानेच सांगितलं. तू हळद लावलीस. ढोरांच्या डॉक्टरने तुला तोंडावर सांगितलं, हडकवा आहे, ती पिसाळलीय. तू त्याला म्हणालास, पोटफुगी. आणि गल्लीला सांगितलंस, नजर.

मग तुझ्या हाताचं सांगितलं, कोपरापर्यंत तिच्या तोंडात. "नानानी कोपरलोंग हात घाला म्हैसना तोंडमा," भाईदास म्हणाला, "बोले, काटा अडकेल व्हई."

मी आज सकाळी आले. फाटक तू आतून लावलंस. मी बाहेरून बोलत राहिले, तू आतून एवढंच म्हणालास, "मन्ही म्हैस येडी नही व्हती. जाय तू." गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या. इतकी गर्दी तर गंधमुक्तीलाही नव्हती. शेवटी मी परत फिरले. रिक्षावाल्याने विचारलं, "शुं थयुं, बेन?" मी म्हटलं, काही नाही, माहेरी आले होते.

आता नीट वाच. मी टोमणा मारत नाहीये, मला येत असूनही.

हडकवा हा विषाणूचा रोग आहे. उकळलेल्या दुधात तो विषाणू राहत नाही, आमच्या पत्र्यांतूनही जिवंत निघत नाही. ज्यांनी दूध तापवून घेतलं त्यांनी घाबरू नये, हे त्यांना तू सांग, म्हणजे घबराट होणार नाही. भाईदास तीनदा उकळतो, तो मायचा पक्ष आहे, तो सुटला. पण ज्यांनी कच्चं घेतलं त्यांनी इंजेक्शनं घ्यायची असतात. मी आमच्या डेअरीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुधाने कोणाला झाल्याचं फारसं ऐकिवात नाही, तरी पैज लावण्यासारखा हा रोग नाही. एकदा लक्षणं दिसली की जगात कुठेही त्यावर औषध नाही. त्याआधी मात्र आहे, आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

ध्रुवीने कच्चं घेतलंय. वेसूच्या त्या बाटल्या कच्च्या गेल्यात. आणि तुझं दुधावर थांबत नाही. लाळ थेट हातावर. उसाचं वाढं कापून कापून तुझ्या हातावर कधी चरे नसतात असा एक दिवस मला आठवत नाही. तुला नुसतं इंजेक्शन नाही, जखमेत भरायचं ते दुसरं औषधही लागेल. लवकर.

गायत्रीने मघाशी बाथरूममधून फोन केला. बोलताना रडत होती. पोरीला घेऊन जायला ती तयार आहे. तिने हजीऱ्याच्या पोलाद कारखान्यात ललितला फोन केला तर तुझा मुलगा म्हणाला, "बाबांना विचारतो." एवढ्या मोठमोठ्या भट्ट्यांजवळ उभं राहणारं पोर, आणि बापापुढे अजून विरघळतं. तुझ्या घरात डोकं दुखण्याची गोळीसुद्धा तुझ्या परवानगीने घेतात. तू दवाखान्यात गेलास तर गंगी पिसाळली होती हे कबूल होईल, गिऱ्हाईक तुटेल, हे मला कळत नाही असं समजू नकोस. आणि पिशवीवाली खरी ठरेल, तेही आहेच. तर घे, मी लिहून देते: पिशवीवाली खोटी. चौकात पाटी लावते. पण पोरीला ने.

हे पत्र भाईदास देईल. त्याच्यावर ओरडू नकोस, त्याचं बीपी आधीच वर आहे.

सुषमा

•

पांडेसरा
२० नोव्हेंबर

नाना,

भाईदास सांगून गेला, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस. मग म्हणालास, "तिला काय, ती कच्चं कधी पिते? दुसऱ्याच्या अंगात सुया टोचायला सांगणं सोपं आहे."

तर ऐक. पहिल्या पत्रात मी खरवसावर "एवढंच" असं लिहून थांबले होते. तिथे थांबण्यासारखं नव्हतं.

गायत्री गेल्यावर मी डबा उघडला. घरात कोणी नव्हतं. घट्ट, पिवळसर, वर ती जाड साय नाही आणि फेसही नाही, असं काहीतरी मधलं. वास आला. ओल्या म्हशीचा, भुश्याचा, सरकीचा. आमच्या प्लांटमध्ये इतकी वर्षं काढली, हजारो लिटर दूध माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, एकालाही हा वास नाही. आम्हीच तो काढून टाकतो, त्याचाच पगार मिळतो.

चंद्री व्यायची तेव्हा अण्णा काय करायचे ते तुला आठवतं का माहीत नाही, कारण तुला त्याचा राग यायचा. उकडायला देण्याआधी ते वाटीभर चीक बाजूला काढायचे. मायची नजर चुकवून, खाटेमागे, फक्त मला. "धाकटीचा घोट." तू थोरला, तुला घर मिळणार, म्हैस मिळणार, नाव मिळणार. मला वाटीभर चीक. मला त्यात कधी कमी वाटलं नाही. मायच्या पक्षातली मी, वर्षातून एकदा अशी फुटायचे.

तर नाना, मी वाटी घेतली. ज्या बाईने डेअरीच्या भिंतीवर "कच्चे दूध पिऊ नका" असं तीन भाषांतलं पोस्टर स्वतःच्या हाताने चिकटवलंय, शाळाशाळांतून भाषणं ठोकलीत, वेसूवाल्यांची टिंगल केलीये, त्या बाईने स्वयंपाकघरात उभं राहून तुझ्या गंगीचा चीक कच्चा प्यायला. वाटी चाटूनपुसून. मग तोंड धुतलं आणि उरलेला वाफेवर ठेवला.

म्हणजे मलाही सुई आहे. काल तुझ्या फाटकाबाहेर इतकी बडबडले, पण हे बोलले नाही. लाज वाटली. डेअरीच्या डॉक्टरांनाही मी "माझ्या ओळखीतली एक बाई" असं सांगितलं. ते म्हणाले, बाई अडाणी दिसते. मी म्हटलं, फार.

उद्या सकाळी मी सरकारी दवाखान्यात जातेय. कुत्रा चावलेल्यांची ओळ असते, मी त्यात उभी राहणार. तिथे विचारतील, काय चावलं? मी काय सांगू? भावाच्या म्हशीने काही केलं नाही, भावाने पाठवलं ते मीच आवडीने घेतलं, असंच सांगावं लागेल. मला एकटीला हे सांगायला बरं वाटणार नाही. तू येशील तर दोघं मिळून सांगू. ध्रुवीला मी मांडीवर धरीन. तुला कोण धरील ते तिथे बघू.

गिऱ्हाईक तुटेल म्हणतोस, तुटेल. खोटं कशाला बोलू? पण तू स्वतः दारोदार जाऊन सांगितलंस तर काही जण परत येतील. दवाखान्याकडून कळलं तर एकही येणार नाही.

तुझी
सुषमा

•

पांडेसरा
२५ नोव्हेंबर

नाना,

दुसरी सुई झाली. दंड दुखतोय, तुझाही दुखत असेल. तू सांगणार नाहीस म्हणून मीच सांगते.

शुक्रवारच्या त्या सकाळची सगळीकडे चर्चा आहे. भाईदास तर असं सांगतो जणू तोच टेम्पो चालवत होता. मी ओळीत उभी होते. पुढे एक हिरे घासणारा पोरगा, पायाला कुत्रं चावलेला, मागे एक आजी, तिला माकड. मला वाटलं, नाना येत नाही. मग दवाखान्याच्या फाटकातून तुझा दुधाचा टेम्पो आत आला. आधी तू उतरलास, हाताला फडकं गुंडाळलेलं. मग गायत्री, कडेवर ध्रुवी. मग तुझी गिऱ्हाइकं उतरायलाच लागली. तू रात्री झोपला नव्हतास म्हणे, पहाटे बाकीच्या म्हशींच्या धारा काढल्यास, दूध ओतून दिलंस आणि रिकामा टेम्पो घेऊन दारोदार फिरलास. वेसूच्या त्या टॉवरलासुद्धा गेलास. तिथल्या एक बारीक चष्म्याच्या बाई टेम्पोत मागे कॅनवर बसून आल्या! त्या मला म्हणाल्या, "तुमचे भाऊ फार प्रामाणिक आहेत हं." मी म्हटलं, हो, उशिरा का होईना.

कंपाउंडरने विचारलं, एवढ्यांना काय चावलं? तर तू मोठ्याने म्हणालास, "मन्ही म्हैस. ती येडी व्हई गई व्हती." सगळा वऱ्हांडा वळला. नाना, तुझा आवाज तेव्हा कसा झाला ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

सिस्टरने तुझ्या हाताचं फडकं सोडलं तेव्हा मी तिकडे बघितलं नाही. चऱ्यांमध्ये औषध भरताना तू डोळे घट्ट मिटलेस, आणि ध्रुवी गायत्रीच्या कडेवरून म्हणाली, "दादा, तमे बीओ छो?" आजोबा भितात का, म्हणून. तू म्हणालास, "नाही गं, झोप येतेय." मग पोरीने स्वतः बाही वर केली. झोपायचं असतं असं तिला वाटलं, म्हणून डोळे मिटून घेतले. रडलीसुद्धा नाही. आपण त्या वयात देवीच्या टोचणीला कसे पळालो होतो, खाडी ओलांडून, आणि घरी आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत हिरवे.

नंतर बाकावर बसवलं आपल्याला, कोणाला चक्कर वगैरे येते का बघायला. तू एक जागा सोडून बसलास. मी समोरच्या पंख्याकडे बघत होते, तूही. तीन वर्षं झाली, मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलशील. अण्णांचं काढशील. भांडशील तरी. तू घसा साफ केलास आणि पंख्यालाच विचारल्यासारखं विचारलंस,

"चीक कसा लागना?"

आणि तेवढ्यात सिस्टरने माझं नाव पुकारलं. कागद घेऊन मी परत आले तर तू सगळ्यांना टेम्पोत चढवत होतास. दुसऱ्या सुईला आपली वेळ चुकली. म्हणून हे पत्र.

मला खोटं सांगता येतं, तुला माहीत आहे. लग्नात तुझ्या सासूला मी सांगितलं होतं की नाना फार शांत स्वभावाचा आहे. पण हे विचारायला तू इतका लांबून आलास, तेव्हा खरं सांगते. चंद्रीसारखा नव्हता. जरा पातळ होता. गंगीला सरकी कमी पडत होती, किंवा कुत्रं चावल्यापासून ती बिचारी आतून ओढलेली असेल. वेलची न घालता खाण्यासारखाही नव्हता.

पहिल्या घोटातच मला हे कळलं होतं, नाना. तरी मी वाटी संपवली.

सुषमा